दारव्ह्याच्या बाईंचे पाच जबडे

करवतीचं पातं मी सुळ्याच्या मुळाशी टेकवलं, आणि हात थांबला.

सुळा प्लास्टरचा होता, घाबरू नका. पण सोमवारी दारव्ह्याच्या एका बाईंचा खरा सुळा आणि त्याच्या पुढचे दोन दात निघणार होते. ते निघायच्या आधी तेच तीन दात मला माझ्या टेबलावर कापायचे होते.

हे जरा नीट सांगतो. मी डेंटल टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही. यवतमाळात माझी लॅब आहे. लॅब म्हणजे घरामागची पत्र्याची खोली. दातांचा डॉक्टर तुमच्या तोंडात गुलाबी लगदा दाबून माप घेतो, ते इम्प्रेशन. त्यात प्लास्टर ओतलं की तुमचा जबडा हुबेहूब तयार, तो मॉडेल. लगदा लवकर आकसतो, म्हणून बाहेरगावचे डॉक्टर प्लास्टर तिथेच ओततात आणि मॉडेल माझ्याकडे पाठवतात. दारव्ह्याचा माल जीपवाल्याच्या हाती येतो, मिठाईच्या खोक्यात, जुन्या कापडात गुंडाळून. सोबत एक वर्क स्लिप. तिच्यावर नाव, वय, कोणते दात, रंग कोणता. रंगाला आम्ही शेड म्हणतो. बस्स, एवढ्यावर मी माणसाचे दात करतो. मी पेशंटला पाहत नाही, पेशंट मला पाहत नाही. एकतीस वर्षं हीच रीत.

काही लोकांना दात काढल्याबरोबर त्याच दिवशी नवा हवा असतो. त्याला इमीजिएट डेंचर म्हणतात. मग मी मॉडेलवरचे तेवढे दात आधीच कापून टाकतो आणि त्या जागी कवळी करतो. म्हणजे खरा दात अजून तोंडात भाकर चावत असतो, आणि इकडे माझ्या टेबलावर तो गेलेला असतो. नेहमीचं काम आहे. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं.

त्या दिवशी विचार आला, कारण तो सुळा फार चांगला होता. टोक शाबूत, हिरडी घट्ट. पुढचे दोन्हीही तसेच. स्लिपवर वय त्रेचाळीस. मी मनाशी म्हटलं, अन्वर, हे काहून काढून राह्यले बापा?

मी जुने मॉडेल फेकत नाही. बाकीचे टेक्निशियन फेकतात. माझी बायको नसीम त्यावरून भांडायची, ‘लोकांचे जबडे घरात ठेवून झोपता कसे’ म्हणायची. ती गेली त्याला चार वर्षं झाली. आता भांडायला कोणी नाही, म्हणून फळ्या भरत गेल्या. मुलगी अकोल्याला दिली. फोन येतो तो डॉक्टरांचा, ‘माल कधी?’ एवढं विचारायला. कधीकधी दुपारी मला वाटतं की माझ्याकडे बघणारी तोंडं सगळी प्लास्टरचीच आहेत. असो.

फळीवर शोधलं तर त्याच नावाचे चार मॉडेल सापडले. वंदना, वंदना, वंदना, वंदना. पाचवा माझ्या हातात. मी ते तारखेप्रमाणे एका ओळीत मांडले.

पहिल्यात डावीकडची एक दाढ नव्हती. दुसऱ्यात दोन नव्हत्या. तिसऱ्यात तीन, चौथ्यात चार. सगळ्या वरच्या, सगळ्या डाव्या बाजूच्या, मागून पुढे ओळीनं गेलेल्या. आता पाचव्यात सुळा आणि पुढचे दोन जाणार होते. दोन वर्षांत एका बाईची अर्धी पंगत उठली होती, आणि दर वेळी रिकाम्या पाटावर नवीन दात मीच बसवून दिला होता.

पहिला मॉडेल उचलून मी भिंग लावलं. पुढे ज्या तीन दाढा गेल्या, त्या या मॉडेलवर होत्या. एकीलाही खड्डा नव्हता. प्लास्टरवर कीड काळी दिसत नाही, पण खड्डा दिसतो. इथे खड्डाही नाही, झीजही नाही. उजव्या बाजूच्या दाढा मात्र घासून सपाट झालेल्या. म्हणजे बाई सगळं उजवीकडूनच चावत होत्या.

या खेपेच्या खोक्यात त्यांची जुनी कवळीही होती. ‘हेच दात वापरा’ असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. कवळीचा दात काही महिने चावला की त्याची चकाकी जाते. ही कवळी वापरून दहा महिने झाले होते आणि दात कालच बसवल्यासारखे चकचकीत. उलट गालाच्या बाजूला दगडासारखा थर चढलेला. त्या बाजूला ना घास जात होता, ना ब्रश.

आणि ही कवळी याआधी माझ्याकडे चारदा परत आली होती. दर वेळी स्लिपवर तेच: ‘डावीकडे टोचते, ट्रिम करा.’ ट्रिम म्हणजे घासून कमी करा. मी कमी केली. चार वेळा. कशाला टोचते, हे काही मी विचारलं नाही.

तेव्हा मला एक चिठ्ठी आठवली.

तिसऱ्या खेपेला खोक्यात, कवळीच्या खाली, वहीचं एक पान घडी करून ठेवलेलं होतं. अक्षर मास्तरणीचं, वळणदार. मी चिडका माणूस आहे. पेशंटनं थेट मला लिहावं हे तेव्हा मला आवडलं नव्हतं. वाटलं, आली तक्रार. अर्धवट वाचून ती मी बिलांच्या तारेला टोचून ठेवली होती. आता काढून पूर्ण वाचली.

‘दात करणाऱ्या भाऊंना नमस्कार. तुम्ही फार सुरेख दात करता. डॉक्टरसाहेबांना बोलून सांगता येत नाही म्हणून लिहिते. दात लावला तरी दुखते आणि काढून ठेवला तरी तसेच दुखते. बोलले, दात घासले, वारा लागला की कोणी गालातून तापलेली तार ओढावी तसे होते. क्षणभरच असते, पण दिवसातून किती वेळा ते सांगता येणार नाही. मला वाटते चूक तुमच्या दाताची नसावी. तुम्ही इतके जबडे बघता. असे कुणाचे बघितले आहे का? कळवावे.’

सात महिने ती चिठ्ठी तारेला लटकत होती. काढून ठेवला तरी दुखते, असं त्या बाईनं स्वच्छ लिहिलं होतं, आणि मी कवळी घासत बसलो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. मला माझी इतकी लाज वाटली की मी करवत उचलून ड्रॉवरमध्ये टाकली.

डॉक्टरांना फोन लावला. माणूस तरुण, हाताला चांगला, तालुक्याच्या गावात गर्दी उपसणारा.

“साहेब, ते वंदनाबाईंचं काम. दात चांगले दिसून राह्यले.”

“अन्वरभाई, मला माहीत आहे. एक्सरेतही काही नाही. पण पेशंटच मागते आहे. हातापाया पडते.”

“पण साहेब, आधीच्याही चांगल्याच होत्या.”

“पहिलीला कीड होती. काढली तर दोन महिने बाई एकदम बरी. मग पुन्हा सुरू, बाजूची दाढ काढली, पुन्हा महिनाभर बरी. फरक पडतो म्हणून तर काढली ना? मी काय हौसेनं काढतो?”

“नाही साहेब. पण तुम्ही एकदा मॉडेल...”

“अन्वरभाई, तुमचं काम दात करायचं. सोमवारी अकराला माल पाहिजे.” फोन बंद.

मीही फुगलो. आपण बरं नि आपलं काम बरं, म्हणून पुन्हा करवत काढली. पाच मिनिटं ती हातात धरून बसलो. मग चहा केला, एक कप. प्यालो. आणि ठरवलं की सोमवारी अकराला माल पोचेल, पण तो जीपवाला नेणार नाही, मी नेणार. कापलेला एकही दात त्यात नसेल.

सोमवारी पाच मॉडेल मांडीवर घेऊन मी जीपमध्ये बसलो. बाजूच्या म्हाताऱ्यानं विचारलं, “पेढे होय का?” मी म्हटलं, “जबडे.” तो दारव्हा येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

दवाखाना खच्चून भरलेला. आत बसायला जागा नव्हती, आणि मी काही पेशंट नव्हतो, म्हणून दाराबाहेरच्या बाकावर बसलो. आपल्याकडे दवाखान्यातही लोक चपला बाहेर काढतात, तशी तिथे चपलांची रांग होती. एक ऑटो थांबला. एक शेतकरी गडी उतरला, मग त्यानं बायकोला उतरवलं. तोंडाला पूर्ण स्कार्फ गुंडाळलेला. बाईंच्या हातात काठी, आणि उजवा पाय उचलला जात नव्हता, फरफटत येत होता. दाराशी आल्यावर त्यांनी चपला काढल्या, काठी भिंतीला चपलांजवळ टेकवली, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं आत गेली. कुणीतरी उठून बाईंना दाराजवळ जागा दिली.

मी बाहेरून बघत होतो. वरचा पंखा फिरत होता. वाऱ्यानं स्कार्फ गालावरून हनुवटीपर्यंत सरकला आणि बाई एकदम ताठ झाल्या. चेहरा डावीकडे ओढला गेला, तोंड उघडलं, दोन्ही हात गालापाशी गेले पण गालाला टेकले नाहीत. आवाज नाही. नवऱ्यानं धावत जाऊन पंखा बंद केला.

“काहून बंद केला बापा? गरमी काय कमी आहे?” एक पेशंट ओरडला.

“दोन मिनिटं, भाऊ. हिले वारा चालत नाही,” नवरा म्हणाला.

त्या उघड्या तोंडात मला वरचा एक दात दिसला. उजवीकडचा, शेजारच्यावर किंचित चढलेला. तो दात मी पाच वेळा हातात धरला होता. चेहरा कधीच पाहिला नव्हता, तरी मी ओळखलं. आत गेलो.

“वंदनाबाई का? मी अन्वर. यवतमाळचा. तुमचे दात मीच करतो.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. पिशवीतून वही काढली, लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं.

‘चिठ्ठी मिळाली होती का?’

“मिळाली होती, ताई.”

‘उत्तर नाही आलं.’

मी म्हटलं, “चुकलो.” त्यांनी वही मिटली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्या रागावल्या नाहीत.

नवरा सुधाकरराव, कापूस-सोयाबीनची शेती करणारा साधा माणूस. तो हळू आवाजात सांगू लागला. “झेडपीच्या शाळेत पह्यली-दुसरीले शिकवते ना ती. शिकवाचं म्हणजे बोलनं आलं. आता चार मह्यने झाले, सुट्टीवर आहे. मी वावरात जातो, ही दिवसभर एकटी. शेजारीन आली तं बोलू शकत नाही, म्हनून आता कोनी येतही नाही. पोरगी अमरावतीले शिकाले आहे. तिचा फोन आला का पोरगी एकटीच बोलते. ही फोनवर नखानं टकटक करते. हो म्हनाचं असलं तं एक, नाही म्हनाचं असलं तं दोन.”

बाईंनी नवऱ्याच्या हातावर चापटी मारली, हे कशाला सांगता म्हणून.

“आज ते तीन निघाले का बरं होईन म्हन्ते,” तो म्हणाला. “मले काही समजत नाही, भाऊ. आमच्या आईनं तं दाताचा किडा काढनाऱ्याकडेही नेलं होतं. त्यानं धुरी देऊन सात किडे काढून दाखवले. खोटं काम सगळं.”

तेवढ्यात नंबर लागला. मी खोकं घेऊन त्यांच्या मागोमाग आत घुसलो. डॉक्टर मला बघून चकित झाले.

“अन्वरभाई, तुम्ही? माल दाखवा.”

मी खोकं उघडलं आणि हत्यारांच्या ट्रेशेजारी पाचही जबडे ओळीत मांडले.

“हे काय? डेंचर कुठे आहे?”

“नाही केलं, साहेब.”

“नाही केलं? पेशंट खुर्चीत बसली आहे आणि तुम्ही...” त्यांचा आवाज चढला. “तुम्ही टेक्निशियन आहात, डॉक्टर आहात का?”

“नाही साहेब. म्हणूनच तुमच्यापुढे ठेवले. तुम्ही एकेका वेळी एकेक दाढ पाह्यली. हे सगळे एका जागी तुम्ही पाह्यलेच नाहीत. माझ्याकडे होते.”

डॉक्टरांनी रागानंच नजर टाकली. एक, दोन, तीन, चार. चौथ्यापाशी नजर थांबली. मग पुन्हा पहिल्यावर गेली.

“कवळी काढून ठेवली तरी दुखते, साहेब. वारा लागला तरी दुखते. सात महिन्यांपूर्वीच त्यांनी मला लिहून कळवलं होतं. मी तारेला टोचून ठेवलं.” एवढं बोलून माझं बोलणं खरं तर संपलं होतं. पण बाहेर बसून जे पाहिलं ते तोंडातून निघालंच. “आणि साहेब, बाईंची काठी बाहेर आहे.”

“कसली काठी?”

“चालायची. चपलांजवळ ठेवली आहे.”

डॉक्टर सुधाकररावांकडे वळले. “काठी? कशासाठी?”

“ते पायाचं आहे साहेब, दाताचं नाही. उजवा पाय उचलत नाही. सहा वर्सं झाले. नागपूरले दाखवलं, त्यायनं सांगतलं मल्टिपल स्क... काय ते वं?”

बाईंनी लिहिलं आणि वही डॉक्टरांपुढे धरली. मल्टिपल स्क्लेरोसिस.

डॉक्टरांनी हातमोजे काढले, उठले, बाहेर गेले. मी दारातून पाहिलं. चपलांच्या रांगेजवळ ते उभे होते आणि भिंतीला टेकलेल्या त्या काठीकडे बघत होते. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता.

“दोन वर्षांत हे मला सांगितलं का नाही?”

“तुमी शुगर विचारली, नाही म्हटलं. बीपी विचारलं, नाही म्हटलं. हार्टचं विचारलं, तेही नाही म्हटलं,” सुधाकरराव म्हणाले. “दाताच्या दवाखान्यात पायाचं कायले सांगाचं, साहेब? त्याची फाईल अलग आहे. घरी कपाटात आहे.”

माणूस खोटं बोलत नव्हता. जेवढं विचारलं तेवढं खरं सांगितलं होतं. आणि डॉक्टरला तरी कसं दिसणार? तो पेशंटला खुर्चीत बसलेलाच बघतो. बाई नवऱ्याच्या आधारानं यायच्या, डॉक्टरांना वाटायचं खाणं सुटलंय म्हणून अशक्तपणा. काठी बाहेर राहायची. दवाखान्यात काठी घेऊन जाणं बरं दिसत नाही, चपलेसारखंच.

डॉक्टरांनी स्टूल ओढून बाईंच्या समोर घेतलं, आणि मला वाटतं दोन वर्षांत पहिल्यांदा ते त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसले.

“मॅडम, हे दुखणं दाताचं नाही. चेहऱ्याची एक मोठी नस असते, तिचं आहे. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. तुमच्या आजारात नसांवरचं वेष्टण मेंदूत जागोजागी खराब होतं. ते या नसेच्या मुळाशी झालं असेल, तर दात चांगला असूनही दुखतो. कॉलेजात शिकलो होतो आम्ही. मला तुमचा आजारच माहीत नव्हता.”

“मोटारीची केबल उंदरानं कुरतडली तं पंप झटके मारते, तसं?” सुधाकररावांनी विचारलं.

“अगदी तसं. आणि आपण पंप खोलत बसलो.”

“पन दाढ काढली का बरं वाटत होतं ना साहेब?”

“ते दुखणं मधे मधे आपोआप थांबतं. आठवडे, महिने. आपण दाढ काढली, ते थांबायचं होतं तेव्हा थांबलं, आणि श्रेय दाढेला दिलं. पहिली काढायचीच होती. पुढच्या तीन...” ते थांबले. “पुढच्या तीन काढायला नको होत्या. माझी चूक झाली.”

असं म्हणणारा डॉक्टर मी एकतीस वर्षांत दुसरा पाहिला नाही. मला वाटलं, चला, सुटलं. पण बाई वहीवर लिहीत होत्या, इतकं दाबून की कागद फाटला.

‘आजच काढा. मी तयारी करून आले आहे.’

“मॅडम, काढून उपयोग नाही. दुखणं तसंच राहील.”

‘पंधरा दिवस तरी थांबेल ना? मला लेकीशी बोलायचं आहे.’

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा त्यांनी दगडासारखा धरून ठेवला होता, कारण रडलं तरी कळ येत होती. धड रडताही येत नाही, इतका एकटेपणा मी कुणाचा पाहिला नव्हता. माझा स्वतःचा मला त्या दिवशी फार लहान वाटला.

डॉक्टर ‘नाही’ म्हणाले. बाईंनी तीनदा वही पुढे केली, ते तीनदा नाही म्हणाले. मग त्यांनी सुधाकररावांना फाईल आणायला घरी पिटाळलं, तिच्यातल्या नंबरवर नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावला आणि बराच वेळ बोलले. तिकडून नसेच्या दुखण्यावरची एक गोळी लहान डोसनं सुरू करायला सांगितली आणि आठवड्याच्या आत पेशंटला बोलावलं. मी माझे जबडे पुन्हा कापडात गुंडाळले. पाचव्याचे तिन्ही दात शाबूत होते. बाहेर पडताना मी काठी आत नेऊन बाईंच्या हातात दिली.

आता तुम्हाला वाटेल, गोळी घेतली आणि बाई घडघडा बोलू लागल्या. तसं नसतं. दुखणं येतं हत्तीच्या पायानं आणि जातं मुंगीच्या पायानं. पंधरा दिवसांनी सुधाकररावांचा फोन आला तो तणतणतच. “भाऊ, तुमच्यामुळं काय झालं पाहा! कळ कमी झाली, पन आता उठूनच नाही राह्यली. दोन्ही पाय लटपट करतेत. बोलाचं का चालाचं, एकच भेटनार का?” मी घाबरलो. मी कोण टेक्निशियन, कुणाच्या घरात काडी घातली? तो सगळा आठवडा मी कामात चुका केल्या, एका वकिलाला चक्क चुकीच्या शेडचे दात पाठवले. नंतर कळलं की या आजारात त्या गोळीनं पाय आणखी ढिले पडू शकतात. नागपूरच्या डॉक्टरांनी ती कमी केली, दुसरी जोडीला दिली, एमआरआय काढला. नसेच्या मुळाशी डाग निघालाच.

त्यानंतर महिनाभरानं दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी म्हटलं, “हॅलो, माल उद्या मिळेल.”

“अन्वरभाऊ, मी वंदना बोलते.”

आवाज चांगलाच खणखणीत होता. पस्तीस पोरं एका हाकेत गप्प करणारा. मी त्यांची कल्पना बारीक आवाजाची केली होती, का कोण जाणे.

“काल लेकीशी वीस मिनिटं बोलले,” त्या म्हणाल्या. “शेवटी तीच म्हणाली, आई पुरे आता.” आणि हसल्या. हसताना मधेच थांबल्या, एक कळ जाऊ दिली आणि पुन्हा हसल्या. मी त्यांना म्हटलं, ताई, तुमच्या चिठ्ठीचं उत्तर राहिलं आहे. ‘असे कुणाचे बघितले आहे का’ म्हणून तुम्ही विचारलं होतं. नाही, बघितलं नव्हतं. पण तेव्हाच ‘नाही’ असं कळवलं असतं, तरी तुम्ही पुढे दुसऱ्या कुणाला विचारलं असतं. त्या म्हणाल्या, “हो ना. आता कळवलं, ठीक आहे.” मास्तरीण ती मास्तरीणच. माफ केलं, पण उशिराची नोंद ठेवली.

गेलेल्या चार दाढा काही परत येत नाहीत. त्यांची नवी कवळी मी केली, हलकी, गालाला न लागणारी. दारव्ह्याच्या डॉक्टरांनी दोन महिने मला फोन केला नाही. मी समजून होतो, गेलं गिऱ्हाईक. मग एक खोकं आलं, नेहमीसारखं, आणि स्लिपच्या तळाशी पेनानं लिहिलेलं: ‘या पेशंटचे जुने मॉडेल असतील तर बघून कळवा.’ मालासोबत दवाखान्यात गेलो तेव्हा दाराशी चपलांच्या वर एक नवी पाटी होती. ‘काठी आत आणावी.’ कारण काही लिहिलेलं नव्हतं. लोकांना वाटतं बाहेर काठ्या चोरीला जातात.

मीही माझ्या वर्क स्लिपवर एक ओळ वाढवून घेतली: ‘पेशंटला काही सांगायचे असल्यास.’ बहुतेक ती कोरीच येते. एकदा कुणीतरी लिहिलं, ‘दात लवकर द्या, लग्न आहे.’ मी त्यालाही उत्तर पाठवलं.

धंद्यातला धडा विचाराल तर तो एवढाच. आपल्या टेबलावर जे येतं ते माणसाचा एक तुकडा असतो, बाकीचा माणूस दाराबाहेर राहिलेला असतो. तारेला टोचलेल्या कागदांत तो कधीकधी सापडतो.

मागच्या महिन्यात दुपारी पुन्हा त्यांचा फोन आला. मी ‘बोला ताई’ म्हटलं. पलीकडून आवाज नाही. मग फोनवर नखाची एक टकटक.

मला समजलं. हा आजार असाच आहे, मधे मधे परततो.

“दुखून राह्यलं का?”

एक.

“नागपूरला कळवलं?”

एक.

मला विचारायला भीती वाटली, पण विचारलं. “दात काढायचे म्हणता का?”

स्वच्छ, एकापाठोपाठ एक, दोन.

“बरं,” मी म्हटलं. “मी इथेच आहे. फोन ठेवू नका.” त्यांनी ठेवला नाही. मी फोन टेबलावर पाच जबड्यांशेजारी उभा केला आणि प्लास्टर कालवायला घेतलं.